मुरलेलं शहर: शाओशिंगमधले तीन दिवस

चीनमधलं कालव्यांचं गाव पाहायचं म्हटलं की बहुतेक जण सूझौ नाहीतर वूझन सुचवतात. दोन्ही देखणी आहेत. पण खाण्यापिण्यासाठी जायचं असेल तर शाओशिंगला जा. झेजियांग प्रांतातलं हे शहर हांगझोऊ आणि निंगबोच्या दरम्यान आहे. यूए राज्याची राजधानी म्हणून इ.स.पूर्व 490 मध्ये ते वसवलं गेलं, आणि आजही त्याच जागी आहे. इथल्या स्वयंपाकाचं मर्म एका मराठी शब्दात सांगता येतं: मुरणं. दारू मुरते, सोया सॉस मुरतो, मोहरीचा पाला मुरतो, माठाचे देठ मुरतात, टोफू मुरतो. इथल्या कितीतरी पदार्थांच्या नावात ‘मेइ’ हे अक्षर येतं, आणि त्याचा अर्थच बुरशी. ज्यांच्या घरात लोणच्याची बरणी आणि आंबोळीचं पीठ असतं त्यांना हे शहर लवकर कळतं.

निघण्याआधी

शांघायच्या होंगछ्याओ स्थानकावरून जलद गाडीने शाओशिंग उत्तर स्थानक साधारण दीड तासावर आहे, हांगझोऊ पूर्वहून वीसेक मिनिटांवर. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर निघतं, कागदी तिकीट लागत नाही. मात्र काही ठिकाणी स्वयंचलित फाटक आपला पासपोर्ट वाचत नाही, तेव्हा कर्मचारी बसलेल्या कडेच्या रांगेतून जायचं. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि स्थानकात शिरताना सामानाची तपासणी होते, म्हणून 45 मिनिटं हाताशी ठेवा. उत्तर स्थानक गावाबाहेर आहे. जुन्या गावात पोचायला टॅक्सीने अर्धा तास धरा.

पैशांसाठी अलीपे हे चिनी पेमेंट अ‍ॅप. भारतातून निघण्याआधीच त्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून पासपोर्टने ओळख पटवून घ्या, कारण बँकेचा ओटीपी परदेशात आला नाही तर तिथे काही करता येत नाही. रुपे कार्डावर विसंबू नका. परदेशी कार्डावर 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसतं, त्यावर 3 टक्के लागतं. इथल्या खाण्याची बिलं बहुतेक त्याच्या आतच बसतात. भारतीय सिमचं रोमिंग चालू असेल तर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप सहसा चालतात, हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. रस्ता शोधायला मात्र आमॅप हे चिनी नकाशांचं अ‍ॅपच बरं.

हंगाम महत्त्वाचा. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत ‘मेइयू’ म्हणजे आलुबुखाऱ्याच्या दिवसांतला चिकट पाऊस असतो. मे महिन्याचा पहिला आठवडा आणि 1 ते 7 ऑक्टोबर सरकारी सुट्ट्यांची गर्दी. दारू करण्याचं काम पाहायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी. थंडी बोचरी असते, पण शहर त्या दिवसांतच खऱ्या अर्थाने कामाला लागलेलं असतं. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, त्यामुळे तीन दिवसांत सोमवार येऊ देऊ नका.

पहिला दिवस: पूल, शाळा आणि गुत्ता

सकाळी आठच्या आत बाझी पुलावर पोचायचं. तीन पाणवाटा आणि तीन रस्ते जिथे भेटतात तिथे हा दगडी पूल आहे. एका खांबावर कोरलेल्या मजकुरावरून आजचं बांधकाम 1256 सालचं, दक्षिण सोंग राजघराण्याच्या काळातलं ठरतं. चिनी लिपीतला आठचा आकडा म्हणजे एकमेकांपासून फाकलेल्या दोन तिरप्या रेघा. पुलाचे उतार तसेच फाकलेले दिसतात, म्हणून नाव बाझी, ‘आठ-अक्षरी’. बांधणाऱ्यांपुढे अडचण अशी होती की काठावर घरं दाटलेली, ती पाडायची नाहीत आणि तिन्ही रस्ते एकमेकांना जोडायचे. त्यांनी उतार वेगवेगळ्या दिशांना वळवून घरांच्या कडेने उतरवले आणि उतारांखालूनही पाण्याला वाट ठेवली. पुलावर उभं राहून हे कळत नाही. खाली उतरून शेजारच्या काठावरून पाहिलं की सगळी रचना उलगडते. 2014 मध्ये चीनच्या महाकालव्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात पूर्व झेजियांग कालव्यासोबत हा पूलही आहे. आसपासच्या घरांत लोक राहतात आणि पायऱ्यांवर बसून भाजी धुतात. फोटो काढताना दारातून आत डोकावू नका.

न्याहारीला श्यंगझौचे शियाओलोंग घ्या. श्यंगझौ हा शाओशिंगच्याच हद्दीतला भाग आणि बायकांनी पुरुषांच्याही भूमिका करायच्या युए नाट्यगायनाचं जन्मस्थान (1906). तिथल्या वाफवलेल्या बनांमध्ये टोफूचं सारण असलेला प्रकार मिळतो. मांस न खाणाऱ्यांना तो सोयीचा, पण सारणात डुकराची चरबी घालायची पद्धत आहे, म्हणून विचारून घ्या. ‘वो छर् सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं वाक्य पुरत नाही. अंडी, मासे, कोळंबी, चरबी, मांसाचं पाणी यांतलं काय चालत नाही ते चिनीत लिहून फोनवर ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला दाखवा.

दहाच्या सुमारास लू शुनच्या घराकडे. मेट्रोच्या पहिल्या मार्गावर त्याच नावाचं स्थानक आहे. प्रवेश मोफत असतो, पासपोर्ट लागतो. आधुनिक चिनी गद्याचा पाया घालणारा हा लेखक 1881 मध्ये इथे जन्मला. घरापेक्षा समोरची शाळा जास्त वेळ घेऊन पाहावी. ‘तीन चवींची अभ्यासिका’ असं तिचं नाव. कोपऱ्यातल्या एका मेजावर लहानग्या लू शुनने ‘लवकर’ या अर्थाचं अक्षर कोरलं होतं, कारण उशीर झाला म्हणून गुरुजी रागावले होते. मेज दोरीच्या पलीकडे आहे आणि अक्षर बारीक आहे, त्यामुळे गर्दीत ते दिसतच नाही. दुपारी जेवणाच्या वेळी गट पांगतात, तेव्हा जा.

तिथून काही पावलांवर शियानहंग गुत्ता. 1894 मध्ये लू शुनच्याच भाऊबंदांनी काढलेलं हे दुकान थोड्या वर्षांत बसलं, आणि 1981 मध्ये लेखकाच्या जन्मशताब्दीला पुन्हा उघडलं. मधल्या काळात त्याच्या कथेतल्या खोंग यिजीने ते अजरामर केलं होतं. परीक्षेत नापास झालेला हा फाटका पंडित. लांब झगा घालायचा, पण मजुरांच्या बरोबर गल्ल्यापाशी उभा राहून प्यायचा. दोन वाट्या कोमट दारू, एक बशी बडीशेपी बाकला (म्हणजे फावा बीन), आणि फळ्यावर शेवटपर्यंत राहिलेली 19 नाण्यांची उधारी. बाहेर त्याचा पुतळा आहे.

तीच बाकला मागवा. बाकल्याचे सुके दाणे रात्रभर भिजवतात, मग बडीशेप, दालचिनी आणि मीठ घालून मंद आचेवर उकळतात. पाणी आटून दाण्यांना चिकटेपर्यंत थांबतात, ढवळत नाहीत. साल सुरकुतलेलं हवं पण फुटलेलं नको. भिजवणं कमी झालं तर आत खडा राहतो, आच मोठी झाली तर साल सुटतं. साल चिवट आणि गाभा मऊ असेल तर जमलं. ज्यांना जी6पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी बाकला एकसुद्धा खाऊ नये, तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

आता वासाचा प्रश्न. शाओशिंगचा ‘दुर्गंधी टोफू’ चांगशा शहराच्या टोफूसारखा काळा नसतो, सोनेरी असतो, आणि त्याचा वास येतो तो माठाच्या देठांमुळे. उन्हाळ्यात माठ पुरुषभर उंच वाढू देतात. पाला टाकून जाड देठांचे बोटाएवढे तुकडे करतात, पाण्यात फेस येईपर्यंत भिजवतात, निथळून मडक्यात बंद करतात. उकाड्यात तीनेक दिवसांत, गारव्यात आठवड्याभरात आतला गर जेलीसारखा होतो. मग मिठाचं पाणी. मीठ लवकर पडलं तर आंबणं थांबतं आणि गर कडक राहतो, उशिरा पडलं तर देठाचा लगदा होतो. उरलेलं हिरवट पाणी म्हणजे घराची खरी ठेव. त्यातच घट्ट टोफूचे चौकोन काही तास बुडवून मग तळतात. हे पाणी वर्षानुवर्षं जपतात, दर उन्हाळ्यात नव्या देठांनी वाढवतात.

कोकणात माठाची देठी खाणाऱ्या माणसाला याची ओळख चटकन पटेल. देठ वाफवून टोफूसोबत देतात तेव्हा ते शेवग्याच्या शेंगेसारखे खायचे: दातात धरून गर ओढायचा, साल टाकायची. तळलेला टोफू गाडीवरून घ्या, पण तेलाकडे बघून. काळं पडलेलं तेल असेल तर पुढच्या गाडीवर जा. तुकडे कढईतून निघाल्यावर दोन-तीन मिनिटांत खायचे. थंड झाले की वरचा कुरकुरीतपणा जातो आणि फक्त वास उरतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने तळलेल्यापासून सुरुवात करावी, वाफवलेल्या ‘दुहेरी दुर्गंधी’पासून नको. तळणात वास निम्मा होतो, वाफेत तो दुणावतो.

संध्याकाळ त्सांगछ्याओ गल्लीत. फूशान टेकडीच्या पायथ्याशी, कालव्याला पाठ लावून उभ्या घरांची ही गल्ली. जुने रहिवासी न हलवता केलेल्या जतनासाठी 2003 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. इथेच वूफंग होडी घ्यावी. ‘वू’ म्हणजे काळं, ‘फंग’ म्हणजे छत. बांबूच्या विणलेल्या चटईला तुंगतेल आणि काजळीचा थर देऊन ते केलेलं असतं. नावाडी मागच्या टोकाला बसून लांब वल्हं दोन्ही पायांनी ढकलतो, गुडघे मिटतो, उघडतो, आणि काखेतल्या छोट्या वल्ह्याने दिशा देतो. होडी अरुंद आणि उथळ असते, म्हणून तिघांहून जास्त बसत नाहीत. चढताना मधोमध पाय ठेवायचा, लगेच खाली बसायचं, फोटोसाठी उभं राहायचं नाही. भाडं माणशी नसून होडीमागे आहे का, हे आधी विचारा.

दुसरा दिवस: एक नाला आणि एक रांजण

सकाळी लानथिंग, शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे 13 किलोमीटर. इथे दीड-दोन तास पुरतात. इ.स. 353 मध्ये, तिसऱ्या चांद्रमहिन्याच्या तिसऱ्या दिवशी, सुलेखनकार वांग शीझीने 42 जण जमवून वळणावळणाच्या ओहोळाकाठी बसवले. वरून दारूचे हलके पेले सोडायचे, पेला ज्याच्यापुढे थांबेल त्याने कविता करायची. 11 जणांनी दोन-दोन केल्या, 15 जणांनी एक-एक, मिळून 37. उरलेल्या 16 जणांना सुचलं नाही, त्यांना तीन पेल्यांचा दंड. या कवितांना वांग शीझीने लिहिलेली 324 अक्षरांची प्रस्तावना चिनी सुलेखनाचा मुकुटमणी मानली जाते. तिच्यात ‘झी’ हे अक्षर वीसएक वेळा येतं आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वळणाचं. मूळ प्रत उरलेली नाही, दिसतात त्या नकला. आजची बागही मूळ जागी नाही, ती सोळाव्या शतकात इथे आली. हे माहीत असलं की ओहोळ पाहून निराशा होत नाही. हंसांच्या तळ्याजवळचा शिलालेख आणि बांबूचं बन पाहून साडेअकरापर्यंत निघायचं.

खरा वेळ दुपारसाठी राखा. शहरात हुआंगजिऊचं, म्हणजे इथल्या ‘पिवळ्या दारू’चं, मोठं संग्रहालय आहे आणि तळघरात रांजणांच्या रांगा आहेत. न पिणाऱ्यानेही पाहावं, कारण ही पाककृती आहे.

चिकट तांदूळ, गव्हाच्या विटांवर वाढवलेली बुरशी आणि जियान सरोवराचं पाणी, एवढंच साहित्य. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात फक्त पिठूळ. म्हणून बुरशी पिठाची साखर करते आणि त्याच रांजणात, त्याच वेळी, यीस्ट साखरेची दारू करतं. दोन कामं एकत्र चालतात म्हणून ऊर्ध्वपातन (डिस्टिलिंग) न करताच 14 ते 18 टक्के मद्यार्क चढतो. जुन्या पद्धतीच्या युआनहोंगच्या एका मोठ्या हौदाचं माप असं: 144 किलो तांदूळ, 22.5 किलो गव्हाची बुरशी, 112 किलो पाणी आणि 84 किलो आंबूस पाणी. हे शेवटचं महत्त्वाचं. तांदूळ पंधरा-वीस दिवस भिजत ठेवतात, ते भिजवणीचं पाणी आंबतं आणि तेच परत घालतात. कारागीर त्याला ‘तीन आंबूस, चार साधं’ म्हणतात, आणि मापं ताडून पाहा, 84 ला 112 म्हणजे बरोबर तीनास चार. या आंबटपणामुळे सुरुवातीच्या दिवसांत वाईट जिवाणू वाढत नाहीत आणि यीस्टला जम बसवायला सवड मिळते.

काम लिदोंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या 7-8 तारखेला सुरू होतं. थंडी का? कारण हौद आतून तापतो. मधलं तापमान 35 अंशांच्या पुढे गेलं की लाकडी दंताळ्याने ढवळून उष्णता बाहेर काढतात, याला ‘खाय-फा’ म्हणतात. वेळ चुकली तर आम्ल चढतं आणि अख्खा हौद आंबट होतो. घाई केली तर आंबणं थंडावतं आणि साखर तशीच राहते. जाणता कारागीर कान लावून बुडबुड्यांच्या आवाजावरून ठरवतो. त्यानंतर सुमारे तीन महिने संथ मुरणं, मग पिळणं, मग 85-90 अंशांपर्यंत तापवून गरमच रांजणात भरणं. तोंडावर कमळाचं पान, बांबूची पानं, वर चिखलाचं टोपण. रांजणाला बाहेरून चुना फासतात, म्हणजे कुठे पाझर असेल तर पांढऱ्यावर डाग उमटतो. मातीतून किंचित हवा जाते आणि म्हणूनच दारू वर्षानुवर्षं बदलत राहते.

चार प्रकार साखरेवरून ओळखायचे. युआनहोंगमध्ये लीटरला 15 ग्रॅमपेक्षा कमी, जियाफानमध्ये 15 ते 40, शाननियांगमध्ये 40 ते 100, शियांगशुएमध्ये 100 च्या वर. जियाफान मुरवली की हुआदियाओ. शाननियांगची युक्ती सुंदर आहे: आंबवताना पाण्याऐवजी मुरलेली युआनहोंगच घालतात. चव घ्यायची तर याच क्रमाने, कोरडीपासून गोडाकडे. उलट केलं तर पहिलीच जीभ भरून टाकते आणि युआनहोंग आंबट लागते. हिवाळ्यात भांडं गरम पाण्यात ठेवून चाळीस अंशांच्या आसपास कोमट करतात. विस्तवावर थेट उकळली की मद्यार्क उडतो आणि कडवटपणा राहतो. पिताना ती सौम्य वाटते, मागून चढते, त्यामुळे जेवणासोबतच घ्या.

बाटली विकत घेताना लेबलवर जीबी/टी 17946 हे मानक शोधा, ते शाओशिंगच्या भौगोलिक ओळखीचं. ‘लियाओजिऊ’ असं लिहिलेली बाटली स्वयंपाकाची असते आणि तिच्यात बहुधा मीठ असतं. भारतात माणशी 2 लीटर मद्य शुल्काविना नेता येतं. बाटली मोठ्या सामानात, कपड्यांत गुंडाळून.

रात्रीच्या जेवणात मेइगानछायचं डुकराचं मांस मागवा, म्हणजे मोहरीच्या पाल्याला कोमेजवून, मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेला काळपट पाला आणि चरबीचं मांस थरावर थर लावून दोनेक तास वाफवलेलं. पाला चरबी शोषतो, मांसाला मिठाची गरज उरत नाही. मांस न खाणाऱ्यांसाठी त्याच पाल्याचं बांबूच्या कोंबांसोबतचं सार, मात्र कोळंबीशिवाय सांगून. ताज्या माशाचे गोळेही घ्या: त्यात पीठ नसतं, फक्त मासा, पाणी आणि मीठ, एकाच दिशेने फेटलेलं. कच्चा ‘दारूतला खेकडा’ मात्र टाळा, कितीही आग्रह झाला तरी. गोड्या पाण्याच्या खेकड्यात फुप्फुसकृमीची अवस्था असू शकते आणि पंधरा टक्के मद्यार्काने ती मरत नाही. दारूतली कोंबडी शिजवलेली असते, ती निर्धास्त खा.

तिसरा दिवस: आनचांग

शहराच्या वायव्येला, टॅक्सीने पाऊण तासाच्या आत. कालव्याच्या काठाने सुमारे पावणेदोन किलोमीटर दगडी रस्ता, वर छप्पर, त्यामुळे पावसातही चालता येतं. नऊला पोचलात तर म्हाताऱ्यांच्या चहाच्या वेळेत बसता येतं, अकरानंतर गट येतात. डिसेंबर-जानेवारीत छपरांखाली सॉसेज आणि सोया सॉसमध्ये मुरवलेली बदकं लटकत असतात. ती तेव्हाच टांगतात, कारण कोरडा गार वारा हवा. दमट उबेत आतून आंबूस होतात. मांसाचे पदार्थ भारतात आणण्यावर निर्बंध आहेत, म्हणून इथेच वाफेच्या भातावर खाऊन घ्या.

1892 पासून चालत आलेला सोया सॉसचा कारखाना या गावात आहे. अंगणात बांबूच्या टोप्या असलेले मोठमोठे हौद उन्हात मुरत असतात. पावसाचा थेंब पडला तर बुरशी धरते, म्हणून आभाळ भरलं की टोप्या आधी झाकतात. ‘आई-मुलगा’ सोया सॉस इथली खासियत: दुसऱ्या वेळी सोयाबीन आंबवताना मिठाच्या पाण्याऐवजी आधी तयार झालेला सॉसच घालतात. काल शाननियांगमध्ये पाहिलं तेच गणित. स्वयंपाकात निम्माच घाला, आणि गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी दारू आणि सॉस दोन्ही टाळावेत.

वाटेत साखर ओढणारा कारागीर दिसेल. उकळलेला पाक आकड्यावर टाकून ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. आत हवा शिरत जाते तसा तपकिरी पाक पांढरा होतो. ओढणं संपताच कापायला लागतं, गार झाला की तुटतो. ताजी वडी दाताला चिकटते, दात भरलेले असतील तर जपून.

परतताना तास-दीड तास असेल तर खच्याओजवळ जुनी ओढवाट पाहा. होड्या दोरीने ओढणाऱ्या माणसांसाठी पाण्यातच खांब रोवून दगडी फरशा टाकलेली ही पायवाट, काठाला समांतर, दोन्ही बाजूंना पाणी. कठडा नाही, दगड घासून गुळगुळीत झालेले, त्यामुळे पावसानंतर मुलांना हात धरून न्या. मेट्रोचा पहिला मार्ग खच्याओहून हांगझोऊच्या मेट्रोला जोडलेला आहे. जलद गाडीचं तिकीट नसेल तर तोच रस्ता, वेळ जास्त लागतो पण जागा मिळते. मेइगानछाय घेतलं असेल तर बंद पाकिटातलंच घ्या आणि वर आणखी एक पिशवी लावा, नाहीतर सगळ्या कपड्यांना त्याचा वास लागतो. घरी आल्यावर ते दोन-तीन पाण्यांत धुवा, कारण पानांत रेती असते, आणि मग अर्धा तास भिजत घाला.